स्टुडिओतली विनोदी मालिका चालते कशावर आणि पडते कुठे?

घोडबंदर_रोड (धागाकर्ता)

विनोदी मालिका बंद पडली की दोन कारणं लगेच पुढे येतात. एक, लेखन कमी पडलं. दोन, प्रेक्षकांची आवडच बिघडली आहे. दुसरं कारण मला अजिबात मान्य नाही. ठाण्यात गडकरी रंगायतनला किंवा घाणेकरला रविवारी चांगला विनोदी प्रयोग असला तर तिकीट मिळत नाही. तीच माणसं रात्री घरी विनोदी मालिका लावतात आणि दहा मिनिटांत चॅनल बदलतात. प्रेक्षक तोच, भाषा तीच, पुष्कळदा नटसुद्धा तेच. मग मधल्या मधे गळतं काय?

मला वाटतं तालीम गळते, आणि तालमीनंतर समोर बसून हसणारा किंवा न हसणारा माणूस गळतो.

अमेरिकेत या प्रकाराची घडी १९५१ साली 'आय लव्ह लूसी'ने बसवली. तीन भिंतींचा सेट, तीन कॅमेरे एकाच वेळी चालू आणि चौथ्या भिंतीच्या जागी खुर्च्यांवर खरे प्रेक्षक. म्हणजे जवळजवळ नाटकच. पुढे तिथे जे वेळापत्रक रूढ झालं ते बघा: आठवड्याला एक भाग. सुरुवातीला सगळे टेबलाभोवती बसून संहिता वाचतात. मग उभ्या तालमी. रोज संध्याकाळी लेखक पानं बदलतात. शेवटी प्रेक्षकांसमोर चित्रीकरण, आणि तिथेही एखादं वाक्य पडलं तर लेखक कोपऱ्यात जमून तिथल्या तिथे दुसरं वाक्य देतात. बावीस मिनिटांच्या भागासाठी प्रेक्षक कित्येक तास बसून असतात.

समोर बसलेला माणूस किती महत्त्वाचा, याचं माझं आवडतं उदाहरण 'फ्रेंड्स'चं. १९९८ साली लंडनमध्ये चित्रित झालेल्या भागात चँडलर आणि मोनिका हे दोघं मित्र एका रात्रीपुरते एकत्र आलेले दाखवायचे, एवढाच बेत होता. मोनिकाने पांघरुणातून डोकं वर काढलं आणि स्टुडिओतल्या प्रेक्षकांनी इतका वेळ आरडाओरडा केला की नटांना थांबावं लागलं. लेखकांनी पुढची दिशा बदलली आणि ते दोघं मालिकेच्या शेवटापर्यंत एकत्र राहिले. प्रेक्षकांनी कथेला वळण दिलं ते चित्रीकरणाच्या जागी, त्याच संध्याकाळी. आपल्याकडे ही खबर टीआरपीच्या आकड्यांतून काही आठवड्यांनी येते, आणि तीही 'बघितलं' एवढंच सांगते. कुठे हसले, कुठे कंटाळले, हे आकड्यात नसतं.

दुसरी गोष्ट माणसांची. टिकलेल्या मालिका आठवून बघा. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा दारातून आत आले की वाक्य बोलायच्या आधीच आपण सावरून बसायचो. आबा काय करतील ते माहीत असायचं. शिऱ्या काय करेल तेही माहीत असायचं. माहीत असूनही हसू यायचं, खरं तर माहीत होतं म्हणूनच यायचं. 'सीनफेल्ड'च्या लेखकांचा एक नियम प्रसिद्ध आहे: शेवटी कोणी कोणाला मिठी मारायची नाही आणि कोणी काही शिकायचं नाही. माणूस सुधारला की त्याची मालिका संपली.

आणि तिसरं म्हणजे मुदत. 'चीअर्स' ही अमेरिकन मालिका १९८२ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या हंगामात प्रेक्षकसंख्येच्या यादीत अगदी तळाशी होती. वाहिनीने ती तरीही चालू ठेवली आणि ती ११ हंगाम चालली. आपल्याकडे ती पहिल्या तीन महिन्यांत गुंडाळली गेली असती.

तुम्हाला काय वाटतं? नाट्यक्षेत्रात किंवा मालिकांत काम केलेल्यांनी जरूर लिहावं.

---

नौपाडा_जुना

चांगला धागा. आम्ही दूरदर्शनच्या काळातली माणसं. 'चिमणराव गुंड्याभाऊ' लागायचं तेव्हा आमच्या वाड्यात टीव्ही असलेल्या घरात बसायला जागा नसायची. प्रभावळकर आणि बाळ कर्वे. चिमणराव भित्रा आणि गुंड्याभाऊ दांडगा, एवढ्या भांडवलावर सगळा डोलारा उभा. त्यातही चिं. वि. जोश्यांचं लेखन आधीच वाचकांनी पसंत केलेलं होतं, म्हणजे तुम्ही म्हणता ती परीक्षा छापील पानावर होऊन गेली होती. 'टिपरे'चंही तसंच, मुळात प्रभावळकरांचं 'अनुदिनी' हे सदर आणि पुस्तक.

आणि ते आठवड्यातून एकदा यायचं हो. भाग संपल्यावर पुढचे काही दिवस घरात त्यातली वाक्यं चालायची. रोज आलं असतं तर वाक्यं मुरायला वेळच मिळाला नसता.

---

ऐरोलीची_अदिती

धागा आवडला, पण थोडी असहमत.

'दिल दोस्ती दुनियादारी' (२०१५) दैनंदिन मालिका होती. समोर प्रेक्षक नव्हते. तरी माझ्या पिढीने ती अक्षरशः जगली. त्यातल्या सहा जणांचं घर, 'माजघर', आमच्यासाठी खरं घर होतं. कॉलेजात प्रत्येक ग्रुपमध्ये एक आशू आणि एक कैवल्य ठरलेला असायचा. तेव्हा रोज दाखवलं की विनोद मरतोच, हे मला पटत नाही.

उलट २०१७ ला तेच सहा कलाकार घेऊन 'दिल दोस्ती दोबारा' आली. नट तेच, मैत्री तीच, पण पात्रं नवी, जागा नवी. ती त्या मानाने लवकर संपली. यावरून मला असं दिसतं की लोकांचा जीव नटांवर कमी आणि त्या घरातल्या सहा जणांवर जास्त होता. प्रेक्षक समोर असणं-नसणं दुय्यम आहे, पात्रं बसली पाहिजेत.

शिवाय जगभर स्टुडिओ प्रेक्षकांची पद्धत मागे पडत चालली आहे. 'द ऑफिस'मध्ये हशाच नाही, कोणी ओरडत नाही, आणि ते शांत, अवघडलेले क्षण जास्त हसवतात.

---

घोडबंदर_रोड

अदिती, मुद्दा बिनतोड आहे. एवढंच म्हणेन की 'दिल दोस्ती'चे बहुतेक कलाकार नाटक आणि एकांकिका करून आलेले होते, आणि ती मालिका वर्षभरात, लोकांना हवी असतानाच थांबवली गेली. दोन-तीन वर्षं ओढली असती तर ते सहा जण तसेच राहिले असते का, मला शंका आहे.

---

संवाद_रात्री_दोन

मी मालिकांसाठी संवाद लिहितो, त्यात एक विनोदी मालिकाही होती. नाव घेत नाही, वाहिनीचंही नाही. आतली बाजू सांगतो, कारण 'लेखन कमी पडलं' हे वाक्य आम्ही फार ऐकतो.

दैनंदिन मालिकेत आठवड्याला सहा भाग द्यायचे असतात. कथा एक जण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा. सीन सेटवर पोहोचतो तेव्हा नटाच्या मेकअपला सुरुवात झालेली असते. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये कोणी अडकलं की सीनचा क्रम बदलतो, कधी कधी सीनमधलं माणूसच बदलतं. वडिलांसाठी लिहिलेलं वाक्य काकांच्या तोंडी जातं. रडक्या मालिकेत हे खपतं, कारण दुःख सगळ्यांचं साधारण सारख्या शब्दांत सांगता येतं. विनोदात नाही खपत. वडिलांचं वाक्य काकांनी म्हटलं की ते नुसतं वाक्य उरतं.

पण यापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे आणि ती कोणी बोलत नाही. विनोदी भागाचा शेवट सुरुवातीला येऊन मिळतो. गोंधळ झाला, निस्तरला, सगळे परत जेवणाच्या टेबलावर. दैनंदिन मालिकेला रोज शेवटी हुक लागतो, 'उद्या काय होणार' असा. या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत. म्हणून काय होतं, तर पहिला महिना स्वतंत्र गोष्टी जमतात. मग आकडे हलले की मीटिंग होते आणि सांगितलं जातं, 'एक ट्रॅक आणा', म्हणजे बरेच भाग चालणारं कथानक. मग लग्न येतं, हरवलेला भाऊ येतो, हॉस्पिटल येतं. लग्नाचा ट्रॅक चालला की पुढचा त्याहून मोठा लागतो. सहा महिन्यांत विनोदी मालिकेची कौटुंबिक मालिका झालेली असते, फक्त पार्श्वसंगीत मात्र विनोदीच राहतं. प्रेक्षकाला हे बरोबर कळतं. तो काही बोलत नाही, उठून जातो.

अदितीताई म्हणतात ते 'दिल दोस्ती' जमलं, कारण तिथे सहा जण परक्या शहरात एका घरात अडकलेले होते. नोकरी, भाडं, घरच्यांचे फोन, हे सगळं रोजचंच असतं, त्यामुळे हुक बाहेरून आणावा लागत नव्हता. परिस्थिती निवडतानाच निम्मी लढाई जिंकलेली. अमेरिकन लेखक हेच करतात: बार, कॉफी हाऊस, ऑफिस, समोरासमोरची दोन घरं. कोणीही कधीही आत येऊ शकतं आणि कोणालाही सहज सोडून जाता येत नाही. आमच्याकडे नव्या मालिकेची फाईल येते तेव्हा त्यात कथा भरपूर असते, पण ही माणसं एकमेकांना सोडून का जात नाहीत याचं उत्तर बहुतेक वेळा नसतं.

पायलटबद्दलही, म्हणजे मालिका सुरू करण्याआधी केलेल्या नमुना भागाबद्दलही सांगतो. 'द बिग बँग थिअरी'चा २००६ साली केलेला पहिला पायलट चाचणीच्या प्रेक्षकांना आवडला नाही. नायिका फार कडवट वाटली, ती त्या दोन भोळ्या मुलांना दुखावेल असं लोकांना वाटलं. वाहिनीने मालिका मोडीत न काढता पुन्हा पायलट करायला सांगितला. नायिका बदलली, पेनी आली. २००७ ते २०१९, २७९ भाग. मी जिथे काम केलं तिथे आधी फक्त प्रोमो शूट व्हायचा, आणि प्रोमोत सगळे छानच दिसतात.

---

सानपाडा_सुमेधा

@संवाद_रात्री_दोन, मनापासून धन्यवाद. इतकं स्पष्ट कधी वाचलं नव्हतं. आमच्याकडे सासूबाई नेमकं हेच म्हणतात, 'हिच्यात पण लग्न आलं, आता हिला बघायला नको.'

---

मिक्सिंग_टेबल

हशाबद्दल थोडं, ध्वनिमिश्रण हे माझं क्षेत्र म्हणून.

रेकॉर्ड केलेला हशा हा सगळ्या दोषांचा धनी ठरवला जातो, ते बरोबर नाही. चार्ली डग्लस नावाच्या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञाने १९५० च्या दशकात हशाचं एक यंत्र बनवलं. त्यात वेगवेगळ्या प्रकारचे हशे टेपवर होते आणि कळ दाबून हवा तसा हशा घालता यायचा. मूळ हेतू साधा होता: प्रेक्षक चौथ्या टेकला थकून कमी हसले तर तेवढी भर घालायची. नंतर प्रेक्षकच काढून टाकले आणि यंत्र राहिलं.

कुठे घालायचा नाही, हे कळणं जास्त महत्त्वाचं. 'मॅश' ही कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची मालिका. निर्मात्यांना हशा नकोच होता, वाहिनीने घालायला लावला. शेवटी तडजोड झाली की शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत हशा येणार नाही. आजही ते भाग बघताना ती अचानक आलेली शांतता अंगावर येते. ब्रिटनमध्ये बीबीसीने ती मालिका हशाशिवायच दाखवली.

'हाऊ आय मेट युअर मदर'ची पद्धत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. फ्लॅशबॅक इतके की प्रेक्षकांसमोर चित्रीकरण शक्य नव्हतं. मग संकलित भाग प्रेक्षकांना दाखवायचे आणि त्यांचा खरा हशा ध्वनिमुद्रित करून वापरायचे.

आपल्याकडची खरी अडचण पॉजची आहे. नाटकात नट हशा घेतो. हशा वर चढतो, उतरायला लागतो, आणि पूर्ण विरायच्या किंचित आधी पुढचं वाक्य येतं. हे कान आणि अंगवळणी पडलेला अंदाज यांचं काम. सेटवर हशा नसतोच, त्यामुळे नट वाक्यामागून वाक्य म्हणतो. मग माझ्यासारख्याकडे येतं तेव्हा हशाला जागाच नसते. हशा टाकला तर पुढचा शब्द गिळला जातो, नाही टाकला तर प्रसंग कोरडा. संकलनात दोन सेकंद वाढवायला सांगितले तर त्या दोन सेकंदांत नटाच्या चेहऱ्यावर काहीच नसतं, कारण त्या वेळी तो पुढच्या वाक्याचा विचार करत होता. पूर्वी जवळचा क्लोजअप घालून ते झाकायचो. आता वेळच नसतो.

---

सानपाडा_सुमेधा

म्हणूनच 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' चालते का? तिथे समोर परीक्षक बसलेले, बाजूला बाकीचे कलाकार, ते हसतात ते खरं हसतात. समीर चौघुले थांबतात तेव्हा कळतं की समोरून काहीतरी येतंय.

माझा अनुभव असा की आमच्या घरात आता कोणी विनोदी मालिका ठरलेल्या वेळी बघत नाही. मुलगी फोनवर हास्यजत्रेचे तुकडे बघते, नवरा वाशीहून येताना ट्रेनमध्ये बघतो. दहा मिनिटांचं प्रहसन कुठूनही सुरू करा, कळतं. मालिकेचं तसं नाही. नम्रता संभेरावची लॉली परत परत येते, तिची सवय लागते, पण तिच्यासाठी मागचे भाग बघावे लागत नाहीत. त्याच चमूने २०२३ मध्ये 'पोस्ट ऑफिस उघडं आहे' आणली. मला आवडली होती, टपाल कचेरीची जागाही छान निवडली होती, पण ती फार टिकली नाही. इतकी चांगली विनोदी माणसं असूनही.

---

कोपरी_केदार

+१. हिंदीतल्या 'साराभाई व्हर्सेस साराभाई'चं नाव कोणी घेतलं नाही अजून. २००४ ला स्टार वनवर आली तेव्हा आकडे साधारणच होते. बंद झाल्यावर लोकांनी ती इंटरनेटवर शोधून शोधून बघितली. म्हणजे मालिका पडली की त्या वेळची मोजपट्टी पडली?

---

विंगेतून

मी ठाण्यात एकांकिका बसवतो, हौशी. धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

स्पर्धेच्या पहिल्या फेरीतली एकांकिका आणि अंतिम फेरीतली एकांकिका यांची संहिता जवळजवळ तीच असते, पण दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत. आमची हुकमी वाटणारी वाक्यं प्राथमिक फेरीत शांततेत जातात. आणि दिग्दर्शकाने जागा भरायला म्हणून ठेवलेली एक साधी कृती, म्हणजे आजीने पाण्याचा तांब्या उचलून परत ठेवणं, तिच्यावर सगळं नाट्यगृह हसून कोसळतं. हे तालमीच्या खोलीत कोणालाही दिसत नाही, कितीही अनुभवी असो. व्यावसायिक नाटकात तर पंचविसाव्या प्रयोगापर्यंत नाटक आकार घेत असतं. मालिकेत पहिल्या फेरीचा प्रयोगच महाराष्ट्रभर दाखवला जातो.

परदेशी मालिका आपल्याकडे आणण्याबद्दलही बोलायला हवं. परदेशी लोकांच्या इंग्रजीच्या वर्गावरच्या ब्रिटिश 'माइंड युअर लँग्वेज'वरून १९९३ मध्ये हिंदीत 'जबान संभालके' झाली. पंकज कपूरांचा शिक्षक तर उत्तम होताच, पण महत्त्वाचं हे की वर्गातली माणसं बदलली. आपल्या देशात हिंदी कोण कसं बोलतं ते सगळ्यांच्या कानावरचं होतं, म्हणून ती इथली झाली. उलट ब्रिटनची गाजलेली 'कपलिंग' २००३ मध्ये अमेरिकेत केली तेव्हा सुरुवातीला मूळ संहिता जवळपास तशाच वापरल्या. एनबीसीने चार भाग दाखवून ती बंद केली. भाषा दोघांचीही इंग्रजीच, तरी जमलं नाही. ब्रिटिश माणसांची बोलण्याची घाई आणि अवघडलेपण अमेरिकन नटांच्या अंगात नव्हतं.

मराठीत कोणी 'फ्रेंड्स' करतो म्हणालं की मला भीती वाटते. सोफा आणतात, कॉफी शॉप आणतात. नेरुळच्या सोसायटीत चार जण मिळून भाड्याने राहतात, सेक्रेटरी बॅचलरना खोली देऊ नका म्हणून पत्र लावतो, पाणी सकाळी एक तास येतं, घरमालक दर महिन्याला भांडी मोजून जातो. कोणी कोणाला सोडून जाऊ शकत नाही कारण डिपॉझिट अडकलंय. यात सगळं आहे. @संवाद_रात्री_दोन यांच्या प्रश्नाचं उत्तरही आहे.

---

संवाद_रात्री_दोन

@विंगेतून, डिपॉझिट अडकलंय! हे घेतो, परवानगी असेल तर.

@कोपरी_केदार, 'साराभाई' आठवड्यातून एकदा यायची, त्यामुळे त्यातल्या सासू-सुना, माया आणि मोनिशा, कधी ट्रॅकमध्ये अडकल्या नाहीत. ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बघता येते कारण कोणताही भाग कुठूनही लागतो. त्या वेळी घरात एकच टीव्ही, आणि रिमोट ज्याच्या हातात त्याची मालिका मोजली जायची. मोजपट्टी खोटी नव्हती, पण ती त्या रात्रीपुरतीच मोजत होती.

---

ऐरोलीची_अदिती

@मिक्सिंग_टेबल यांचा पॉजचा मुद्दा वाचून माझं मत थोडं बदललं. 'दिल दोस्ती'चे काही भाग काल परत लावले. पुष्करराज चिरपुटकर वाक्य टाकून थांबतो आणि समोरचे त्याच्याकडे नुसते बघत राहतात. प्रेक्षक नसताना ते पाच जणच एकमेकांचे प्रेक्षक झालेत. नाटकातून आल्याचा फायदा तो हाच असणार.

पण मग प्रत्यक्षात करायचं कसं? दर आठवड्याला प्रेक्षक बोलवायचे तर खर्च?

---

घोडबंदर_रोड

पूर्ण चित्रीकरण प्रेक्षकांसमोर करणं सध्या कोणालाच परवडणार नाही, ते मी सोडून देतो. कलाकारांचे शनिवार-रविवार नाटकांना दिलेले असतात, स्टुडिओत खुर्च्यांना जागा नाही, आणि समोर शंभर फोन असले तर भाग प्रक्षेपणाआधीच बाहेर फिरेल.

पण वाचन करायला काय लागतं? मालिका सुरू होण्याआधी पहिल्या दहा-बारा भागांचं कलाकारांनी लोकांसमोर वाचन करावं. वाशीला भावे नाट्यगृह आहे, पण त्याचीही गरज नाही, सोसायटीचा हॉल चालतो. फोन दारात जमा. लेखकाने शेवटच्या रांगेत बसून संहितेवर खुणा करायच्या: इथे हसले, इथे खोकले, इथे कुजबुज सुरू झाली. पंधरा दिवसांत दहा भाग तपासून होतील आणि प्रोमोच्या एका दिवसाच्या शूटपेक्षा पैसे कमी लागतील. यात अडचण कुठे आहे ते @संवाद_रात्री_दोन यांनीच सांगावं.

---

संवाद_रात्री_दोन

पैशाची अडचण नाही. अडचण ही की मालिका सुरू होताना दहा भाग लिहून तयार नसतात. वाहिनीचा होकार आणि पहिलं प्रक्षेपण यांत जेमतेम काही आठवडे मिळतात, त्यातले बरेचसे सेट आणि कलाकार ठरण्यात जातात. माझ्या हातात तेव्हा तीन भाग असतात, त्यातला तिसरा कच्चा.

तीन तर तीन. पुढच्या वेळी मी तेवढ्यांचं वाचन मागून बघतो. @विंगेतून, तुमच्या ग्रुपमधली वाचणारी मंडळी मिळतील का? ठाणे पूर्व किंवा ऐरोली, दोन्ही चालेल.

---

विंगेतून

मिळतील. रविवार सोडून सांगा, रविवारी निम्मे जण प्रयोगाला असतात. आणि ऐकायला आमच्या नाट्यवर्तुळातले लोक नकोत, ते लेखकाला बरं वाटावं म्हणून हसतात. सुमेधाताईंच्या सासूबाईंसारखे बोलवा.

---

सानपाडा_सुमेधा

विचारलं. त्या येतील म्हणाल्या, पण लग्नाचा ट्रॅक असेल तर मधेच उठणार.